आत्याबाईंची तीनशे बारा पावलं

पाटलांच्या ढवळ्या बैलानं माझ्या लुगड्याचा पदर खाल्ला, हे मी एक वेळ सोडून दिलं असतं. जनावर ते, त्याला लुगडं काय आणि कडबा काय. पण त्यानं तो भर बाजारात, सावकाश, माझ्या डोळ्यांत डोळे घालून खाल्ला. मी दुसरं टोक धरून 'हाड हाड' करत होते आणि पेठेतली झाडून सगळी माणसं सौदे थांबवून बघत होती. शेवटी पदर फाटला, मी मागच्या गाडीच्या जुवावर आदळले आणि तिथून कडब्यात गेले. टपालकचेरीच्या मुन्शीची बायको कडब्यातून कशी बाहेर येते, हे वडवणीनं त्या सोमवारी नीट पाहून घेतलं.

खरं सांगायचं तर बैलाचाही फार दोष नव्हता. पदरात चार धपाटी बांधलेली होती, तीही ताज्या लोण्याची.

ती धपाटी होती छबुबाईसाठी. छबुबाई म्हणजे आमच्या आत्याबाईंची मैत्रीण. आत्याबाई, म्हणजे बायनाबाई, आमच्या ह्यांच्या आत्या. सोळाव्या वर्षी कपाळ पुसून भावाकडं आल्या, त्या आज सत्तरीला टेकल्या. छबुबाई धनगराची, दोघी एकाच माहेरच्या, एकाच चिंचेवर चढलेल्या. छबुबाईची वस्ती वर बालाघाटाच्या माळावर. दर सोमवारी तिचा लेक म्हाळू तिला माळाकडच्या दुसऱ्या वाटेनं गाडीतून आणी आणि मारुतीच्या पारावर घोंगड्या विकायला बसवून देई. तिचे गुडघे गेलेले, आत्याबाईंचेही गेलेले. आमचं घर वेशीशी आणि पार पेठेच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये सरळ एक रस्ता. आत्याबाईंनी तो पूर्वीच मोजून ठेवला होता. तीनशे बारा पावलं.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या काठी टेकत जायच्या आणि दिवसभर पारावर बसून यायच्या. मग पेठेत धान्याची अडत निघाली आणि बाजाराच्या गाड्या दुप्पट झाल्या. गाडी वेशीतून आत घालायची आणि आपल्या आजानं जिथं सोडली तिथंच सोडायची, असा आमच्याकडं रिवाज. ज्यांच्या आजानं कुठंच सोडली नव्हती ते उरल्या जागेत सोडत. म्हणजे रस्त्याच्या मधोमध. चाकाला बैल बांधलेला, बैलापुढं कडबा, कडब्याच्या पलीकडं दुसऱ्याचं जू. धडधाकट माणूस अंग चोरून, उड्या मारून जाई. आत्याबाई एकदा निघाल्या, तर एका जुवानं त्यांना पाडलं. महिनाभर अंथरुणात होत्या. तेव्हापासून ह्यांनी मनाई केली होती.

तर दोन वर्षं ह्या दोघी तीनशे बारा पावलांवर बसून एकमेकींना धपाटी आणि निरोप पाठवत होत्या. टपालाचं काम माझ्याकडं. मुन्शीची बायको मी असले तरी ह्या टपालाला पगार नव्हता.

कडब्यातून आले त्या दिवशी आत्याबाईंनी माझ्या डोक्यातली काडी काढली आणि विचारलं, "छबीला धपाटी पोचली का?"

"बैलानं खाल्ली."

त्यांनी ती काडी चुलीत टाकली. मग म्हणाल्या, "दसरा झाला की मेंढरं घेऊन त्ये सारे गंगथडीला, नदीकाठाला उतरत्यात. होळीपस्तोर येत न्हाईत. तवर मी हाय का ती हाय, कुनाला ठावं. मेल्यावर भेटायचंच हाय म्हना. पर तिथंबी मधी गाड्या आसल्या म्हंजे?"

त्यांनी हे हसून सांगितलं. म्हणूनच मला जेवण गेलं नाही. मनाशी म्हटलं, दसऱ्याच्या आत हा रस्ता मोकळा करीन, नाहीतर नावाची सत्यभामा नाही.

आता बेत केला म्हणजे शेजारणींना सांगणं आलं. न सांगितला तरी त्यांना कळतोच, मग निदान आपल्या तोंडून कळलेला बरा. सुभद्राबाई भिंतीवरून म्हणाल्या, "मिरचीची धुरी दे. एकबी बैल थांबायचा न्हाई."

"बैल जातील, पण माणसं थांबतील का?"

"मान्सं कावून थांबतील? त्येंलाबी नाकं हायेत की."

रतनबाईंचं म्हणणं की आत्याबाईंनाच गाडीत घालून पारापर्यंत न्यावं. मी म्हटलं, गाड्यांमुळं रस्ता बंद आहे, त्यात आणखी एक गाडी घालू का? त्या म्हणाल्या, "समदे तेच करत्यात की गं." आणि ते खरंच होतं.

आमचे हे, रामकिसनराव, जेवता जेवता म्हणाले, "अर्ज मात्र करू नकोस. अर्ज केला की चौकशी येते. चौकशी आली की पाहुणचार येतो. आणि पाहुणचारात काही कमी पडलं की बदली येते."

हे ऐकेपर्यंत मला अर्जाचं सुचलंच नव्हतं.

मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं शिकले ती टपालावरच्या पत्त्यांवरून. त्यामुळं बरेच दिवस माझी समजूत होती की कोणतंही लिखाण 'राजमान्य राजेश्री' म्हटल्याशिवाय सुरूच होत नाही. पण तालुक्याच्या कचेरीचा कारभार उर्दूत, तिथं माझे राजेश्री चालणार नव्हते. म्हणून बाजारात वडाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाकडं गेले. त्याला मी सांगितलं ते इतकंच, की आमच्या आत्याबाईंना पारापर्यंत चालत जायचं आहे, गाड्या हलवा. त्यानं कान खाजवला, बोरू बुडवला आणि 'गरीबपरवर सलामत'पासून सुरू करून चार हात लांब कागद भरला. वाचून दाखवला तेव्हा मलाच रडू आलं. त्यात सूर्य होता, चंद्र होता, हुजुरांच्या न्यायाची सावली होती. फक्त गाड्या कुठं दिसेनात.

"गाड्या कुठं आहेत?"

"आहेत ना बाई, शेवटच्या ओळीत. मुद्द्याची गोष्ट आधी सांगणं म्हणजे बेअदबी."

आत्याबाईंचा अंगठा उमटवला. ह्यांना कळलं तेव्हा अर्ज तालुक्याला पोचलाही होता. ह्यांनी स्वतःच्याच हातानं त्यावर टपालाचा शिक्का मारला होता, न वाचता.

श्रावणात एका सोमवारी तालुक्याच्या कचेरीतले पेशकारसाहेब मौका, म्हणजे प्रत्यक्ष जागा, पाहायला आले. अर्जातली भाषा पाहून त्यांनी बायनाबाई म्हणजे कोणी जहागीरदारीण धरली असावी, कारण ते शेरवानी घालून, छपराची बैलांची दमणी जुंपून, पुढं एक शिपाई पळवत आले. वेशीत मी हात करून सांगत होते, "साहेब, आत घालू नका," पण साहेबांच्या दमणीला कोण अडवणार? चाळीस पावलांवर ती दोन गाड्यांच्या मध्ये अडकली. पुढं जाईना, मागं येईना, कारण तोवर मागं बंकटची ज्वारीची गाडी येऊन उभी राहिली होती. खालच्या वस्तीचा हा बंकट स्वभावानं गरीब, पण एकदा बैल सोडले की ब्रह्मदेवासाठीही जुंपणार नाही.

साहेब ओरडले, "अरे, निकालो ये गाडी!"

बंकट म्हणाला, "साहेब, बैलानं वैरन तोंडात घेतलीय. घास तर गिळू द्या."

"ये रस्ता है क्या गोठा है?"

"सोमवारी गोठा आस्तोय साहेब. मंगळवारी या, रस्ता दावतो."

दुपार टळेपर्यंत साहेब त्या दमणीत बसून होते. खाली उतरायची सोय नव्हती, दोन्ही बाजूंनी शिंगं. मी सुभद्राबाईंच्या ओट्यावरून काठीला गडवा बांधून त्यांना ताक पोचवलं. तेव्हा एका बैलानं त्यांच्या शेरवानीचं टोक तोंडात घेतलं होतं आणि साहेब त्याला उर्दूत समजावत होते. मला मनापासून वाईट वाटलं. आणि मनापासून बरंही वाटलं. आपल्या दुःखाची चौकशी अशी अंगावर घेणारा अधिकारी किती जणांना मिळतो?

हुकूम आठव्या दिवशी आला. वाचला ह्यांनीच. बाजाराच्या दिवशी एकही गाडी पेठेत येऊ नये. सगळ्या गाड्या वेशीबाहेर चिंचांच्या मैदानात सोडाव्यात. खाली मोठा शिक्का, तारखेला सरकारी फसली साल, सही. आणि त्याच्याही खाली, मुद्द्याची गोष्ट शेवटी ह्या नियमानं, एक ओळ होती. 'गाडीतळाचा इंतजाम दरख्वास्तगुजार बायनाबाई यांनी करावा.' दरख्वास्तगुजार म्हणजे अर्ज करणारी.

"घ्या," हे म्हणाले. "आता तुमचंच राज्य."

मी हुकूम खळ लावून चिंचेच्या खोडाला चिकटवला. खळ ज्वारीच्या पिठाची, चांगली घट्ट. सोमवार उजाडला, गाड्या आल्या, चिंचेपाशी थांबल्या, सगळ्यांनी कागदाकडं आदरानं पाहिलं, दोघांनी हातही जोडले, आणि गाड्या वेशीतून आत गेल्या.

मी आप्पा पाटलांच्या ओट्याशी गेले. आप्पा म्हणजे गावचे पाटील, ढवळ्याचे मालक. त्यांची गाडी राहायला वरच्या मळ्यात, पण दर सोमवारी वाजत गाजत चावडीपुढच्या लिंबाखाली येऊन सुटायची.

"मुन्शीणबाई," आप्पा म्हणाले, "हुकूम सरकारचा हाय, आमच्या डोस्क्यावर हाय. पर आमची गाडी आज्यापासून लिंबाखाली सुटती. आज येशीभाईर सोडली तर उद्या लोक म्हनतील, पाटील गावाभाईर गेला."

बाकीच्यांना विचारलं तर एकच उत्तर. "पाटलाची गाडी हालू द्या, मग आमची हालंल."

मी ठरवलं, मैदानाची शिस्तच अशी करायची की पाहून माणसाला तिथं थांबावंसं वाटावं. रविवारी दिवसभर मी मैदान झाडलं, सडा घातला, आणि शिरगोळ्याच्या रांगोळीनं गाड्यांच्या जागा आखल्या. एकेका गाडीला एकेक चौकट. सरळ, सुबक, चाळीस चौकटी. पण पन्नाशीकडं निघालेला हात, जन्मभर उंबऱ्यापुढं रांगोळी घातलेली. नुसती कोरडी रेघ ओढून उठणं त्याला जमेना. मी प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात एकेक गोपद्म काढलं. मग मध्ये एक कमळ. पहिल्या चौकटीत जागा मोठी होती म्हणून तिथं सूर्यनारायण आणि त्याचे सात घोडे. कंबर मोडली, पण संध्याकाळी मैदान असं दिसत होतं की सुभद्राबाई हळद-कुंकू घेऊनच आल्या.

तीच चूक झाली.

सकाळी पहिली गाडी बंकटची. त्यानं कासरा ओढला, खाली उतरला, पायताण काढलं, लांबूनच नमस्कार केला आणि गाडी वळवली.

"अरे बंकट, तुझ्यासाठीच आखलंय! घाल ना बैल आत!"

"कमळावर? मुन्शीणबाई, म्या गरीब मानूस हाय. बैल कमळावर श्याण टाकील आन् पाप मला लागंल."

"अरे, ती खूण आहे नुसती!"

"खूनच हाय. देवाची हाय." आणि गेला आत.

चाळीस गाड्या आल्या, चाळीस जणांनी पायताणं काढली, चाळीस गाड्या पेठेत गेल्या. कुणीतरी सूर्यनारायणापुढं लिंबू ठेवून गेलं. दुपारी मी केरसुणी घेऊन रांगोळी पुसायला निघाले तर एका म्हातारीनं मलाच झापलं, की कुणाची मेली सून ही, मांडलेला देव मोडते.

त्या दिवशी मी घरात येऊन भांडी फार जोरात घासली. आत्याबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं सत्यभामे. लई केलंस. छबीला निरोप धाड की बायनी बरी हाय."

"तुम्हीच सांगा तिला," मी म्हटलं, आणि तांब्याला आणखी एक पोचा पाडला.

मग पोळा आला, शनिवारी. त्या दिवशी बैल सजवून वेशीबाहेर ह्याच मैदानात उभे करतात. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण. पाटलांची मानाची जोडी पहिली तोरणाखालून जाते, मग बाकीची. ह्या क्रमावरून आमच्याकडं डोकी फुटलेली आहेत. गावच्या हलगीवाल्याची, गहिनीनाथाची, हलगी कडाडली, ढवळ्या झूल मिरवत गेला, आणि मागोमाग बाकीचे. मी दारात आरती घेऊन उभी होते. बंकटची जोडी सुभद्राबाईंच्या दारात आली. दारापुढं ही एवढी रांगोळी, मध्ये कमळ. सुभद्राबाईंनी बैलांच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं, आणि बैल खुशाल कमळावर चारी पाय रोवून पुरणपोळी खाऊ लागला.

"बंकट!" मी ओरडले. "कमळ पुसलं की रे!"

"पुसू द्या की. वोवाळून घेतलाय. आज त्यो पावना हाय. पावन्याच्या पायानं रांगुळी मोडली तर बरकतच."

"आणि न ओवाळता गेला असता तर?"

"मग पाप," बंकट म्हणाला. इतकी साधी गोष्ट मला कळत नाही ह्याचं त्याला नवल वाटलं.

मी तिथंच आरती खाली ठेवली. माझा अर्ज, हुकूम, चौकटी, सगळं बरोबर होतं. मी फक्त त्यांना जागा दाखवत होते, बोलावत नव्हते. आमच्या माणसाला हुकमानं हलवता येत नाही. मानानं मात्र तो डोंगर उतरून येतो.

रविवारी मी पुन्हा मैदान आखलं, ह्या वेळी गोपद्मं जास्तच काढली. दोन चिंचांच्या मध्ये तोरण बांधलं. मग आप्पांच्या ओट्याशी जाऊन अगदी पडत्या आवाजात म्हटलं, "आप्पा, उद्या गाडीतळावर बैलं ओवाळून घ्यायचीत. हलगी आहे, पुरणपोळी आहे. तुम्ही लिंबाखालीच सोडणार, ते मला ठाऊक आहे, आग्रह नाही. पण पहिली जोडी कुणाची ओवाळू, एवढं सांगा. बंकटची ओवाळली तर चालेल ना?"

आप्पांच्या हातातला अडकित्ता थांबला.

"कुनाची?"

"बंकटची. तो सगळ्यांत आधी येतो."

"आन् आमी काय मेलोय?"

सोमवारी तांबडं फुटायला आप्पा पाटील चिंचेखाली हजर. ढवळ्याच्या अंगावर पोळ्याची झूल. गहिनीनाथ हलगी वाजवत होता, सुभद्राबाई आणि रतनबाई पाण्याचे तांबे घेऊन उभ्या होत्या. मी ढवळ्याला ओवाळलं. आमची जुनी ओळख, त्यानं पदराकडं पाहिलं, मी पदर खोचलेला होता. मग तो तोरणाखालून आत गेला, सूर्यनारायणाच्या सातही घोड्यांवर उभा राहिला, आणि आप्पांनी चारचौघांत, हलगीच्या तालावर, गाडी सोडली.

मागं बंकट, त्याच्यामागं पहिल्या रांगेतल्या चौकटींचे, मग दुसऱ्या रांगेचे. आता पेठेत गाडी नेणार कोण? नेली तर बिनओवाळलेली. सगळ्या पेठेत त्याला विचारतील, का रे बाबा, तुला कुणी बोलावलं नाही व्हय? माझी पुरणपोळी तिसाव्या जोडीला संपली, पुढच्या बैलांना मी गूळ दिला, शेवटच्या चौघांना नुसतंच 'या' म्हटलं. तेवढंही पुरलं. आमचे हे, ज्यांना बदलीची भीती होती, ते कचेरीची पगडी घालून वेशीत उभे राहिले आणि हात करून गाड्या वळवू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. इतके देखणे मी त्यांना लग्नातही पाहिले नव्हते.

एवढ्यात बोंब उठली. ढवळ्यानं मान लांब करून चिंचेच्या खोडावरचा हुकूम चाटायला घेतला होता. ज्वारीची खळ, त्याला काय सोडवते! आम्ही धावेपर्यंत शिक्का गेला, फसली साल गेलं, सही गेली. 'बायनाबाई यांनी करावा' एवढी चिंधी लोंबत होती, तीही त्यानं शांतपणे ओढून घेतली.

हे खोडावरची उरलेली खळ बोटानं चाचपू लागले. आप्पा म्हणाले, "जाऊ द्या मुन्शी. हुकूम पोटात गेला, म्हंजे अंमल झाला."

मी घरी धावले. आत्याबाई धुवट लुगडं नेसून, काठी हातात घेऊन, उंबऱ्यातच उभ्या होत्या. पहाटेपासून उभ्या असणार. पेठ सरळ पारापर्यंत दिसत होती. दोन्ही कडेला भाजीवाल्या आणि बांगडीवाले, मधली वाट स्वच्छ. इतकी मोकळी की आत्याबाईंना पहिलं पाऊल टाकायलाच संकोच वाटत होता.

मी हात पुढं केला. "हात नगं," त्या म्हणाल्या. "म्होरं मोजायचं हाय." आणि निघाल्या. एक, दोन, तीन. मी मागं चार हातांवर. पन्नासला एकदा टेकल्या. शंभराला चिंचा विकणारीला म्हणाल्या, "कावून गं, अशी बघतीस? मानूस चालताना बघितलं न्हाई व्हय?"

आणि पलीकडून, पारावरून, काहीतरी हलत येताना दिसलं. छबुबाई. खांद्यावर घोंगडी, हातात म्हाळूची काठी, मागं म्हाळू 'आये, पडशील, आये' करत. रस्ता मोकळा दिसल्याबरोबर तिलाही राहवलं नव्हतं.

दोघी पेठेच्या मधोमध येऊन थांबल्या. आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या, "येकशे बावन्न."

छबुबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बायने, दोन वर्सं लागली व्हय गं तुला?"

"वाटंत गाड्या हुत्या."

"धपाटी आनलीस का?"

"आनली."

 आणि दोघींचे मिळून चारही गुडघे एकदमच संपले. छबुबाईनं खांद्यावरची घोंगडी झटकून तिथंच, भर रस्त्यात, अंथरली. दोघी बसल्या. धपाटी सोडली. त्यातलं पहिलं खाताना, माहेरच्या चिंचेवरून कुणी कुणाला ढकललं होतं ह्यावरून कडाक्याचं भांडण सुरू झालं, आणि म्हाळूनं माझ्याकडं पाहून हात टेकले.

बाजार भरला. माणसं दोघींच्या अलीकडून पलीकडून वळसा घालून जाऊ लागली. थोड्या वेळानं आप्पा पाटील चालत आले. आजवर ते पेठेतून चालत कधी गेले नव्हते, त्यामुळं पायाखाली बघत होते, आणि घोंगडीवर अडखळता अडखळता वाचले.

"बायनाबाई," ते म्हणाले, "आवं, सारी पेठ तुमच्यासाठी मोकळी केली, आन् तुमीच मधी बसलाव?"

आत्याबाईंनी मान वर केली नाही. "हुकूम गाड्यांला हाय, आप्पा," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्यांला न्हाई. वाचा पायजे तर."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मी ह्यांच्याकडं. आणि तिकडं मैदानात, सात घोड्यांवर उभा राहून, सरकारचा हुकूम ज्याच्या पोटात होता तो एकटाच साक्षीदार डोळे मिटून रवंथ करत होता.

आप्पांनी धोतराचा सोगा उचलला आणि वळसा घालून गेले.